क्रायो केलेले गिअर: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यातून गिअर, शाफ्ट, बेअरिंग गोळा करायचे, घाटावरच्या प्लँटमध्ये क्रायो ट्रीटमेंट (द्रव नायट्रोजनच्या थंडीत भाग गोठवणं) करून घ्यायची आणि माल परत पोच करायचा, अशा जॉब-वर्क सेवेचा हा आढावा आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. गिअरसाठी सेवा चांगली आहे, बेअरिंगसाठी अर्धीमुर्धी, आणि इंजिनाच्या बहुतेक भागांसाठी निव्वळ खर्च. सेवेच्या पत्रकावर मात्र क्रँकपासून क्लचपर्यंत सगळं एकाच दराने, किलोवर लिहिलेलं असतं. गोची तिथेच आहे.

पोलाद तापवून पाणी दिलं (म्हणजे पाण्यात किंवा तेलात झटकन गार केलं) की आतलं ऑस्टेनाइट, म्हणजे तापलेल्या पोलादाची मऊ रचना, कडक मार्टेन्साइटमध्ये बदलतं. पण कार्बन साधारण ०.६ टक्क्यांच्या वर गेला की हा बदल तेलाच्या टाकीत पुरा होत नाही, त्यासाठी शून्याच्या बऱ्याच खाली जावं लागतं. गिअरबॉक्सचे गिअर बहुधा २० एमएनसीआर ५ किंवा ईएन ३५३ सारख्या पोलादाचे. गाभ्यात कार्बन कमी, पण कार्ब्युरायझिंगमुळे (पृष्ठभागात कार्बन मुरवल्यामुळे) दाताच्या वरच्या थरात तो ०.८ टक्क्यांपर्यंत जातो. त्या थरात न बदललेलं, मऊ ऑस्टेनाइट शिल्लक राहतं. क्रायोची खरी करामत त्यावर चालते. विमानांच्या कार्ब्युराइज्ड गिअरना पाणी दिल्यावर लगेच उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवण्याची पद्धत जुनीच आहे.

‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इथे आपण देतो ते बाजारातून आणलेले, आधीच टेम्पर झालेले (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवलेले), गोदामात महिनोन्‌महिने पडलेले गिअर. मधल्या काळात शिल्लक ऑस्टेनाइट स्थिरावतं आणि मग थंडीला तेवढी दाद देत नाही. त्यामुळे नव्या गिअरलासुद्धा फायदा होतो तो आंशिक. ‘आयुष्य तिप्पट’ हा पत्रकावरचा दावा वाचून पैसे मोजू नयेत.

प्रक्रिया कशी करतात, हे मात्र या सेवेचं बलस्थान आहे. भाग बंद पेटीत ठेवून नायट्रोजनची थंड वाफ सोडली जाते, मिनिटाला एखादा अंश या गतीने तापमान उणे १८५ ते १९० पर्यंत उतरवलं जातं, तिथे २४ तास किंवा जास्त ठेवलं जातं, आणि तितक्याच सावकाश वर आणलं जातं. द्रव नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो. त्यात भाग थेट बुडवायचा नसतो. बाहेरचा थर आकसतो, गाभा अजून उबदार असतो, आणि दाताच्या मुळाशी किंवा चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात चीर जाते. जनावरांच्या दवाखान्यात रेतनासाठी नायट्रोजनचा कॅन असतो, ‘त्यात पिनियन बुडवून आणू’ अशी युक्ती काढणारे महाभाग असतातच. पिनियन जाईल ते जाईलच, पण बंद खोलीत नायट्रोजनची वाफ साचली तर माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

गोठवल्यानंतरचं टेम्परिंग विसरलं तर सगळंच वाया. नव्याने तयार झालेलं मार्टेन्साइट कोरं आणि ठिसूळ असतं. १५० ते १८० अंशांना किमान दोन तास द्यावेच लागतात. त्याहून बरंच वर गेलं तर दाताचा पृष्ठभाग मऊ पडतो. म्हणून बॅचचा आलेख मागा. त्यावर उतरण, मुक्काम, चढण आणि शेवटचं टेम्परिंग असे चारही टप्पे दिसले पाहिजेत. आम्ही पाहिलेल्या सेवेत आलेख मागितल्यावर मिळतो, आपणहून बिलासोबत लावत नाहीत. आलेख नाही तर पैसे नाहीत, हे माल देतानाच चलानवर लिहून घ्यावं.

हार्डनेस मोजून काम झालं की नाही हे कळत नाही. कार्ब्युराइज्ड दात आधीच ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल हार्डनेसचं माप) असतो, नंतर फार तर एखादा अंक वाढतो. शिल्लक ऑस्टेनाइट एक्स-रे डिफ्रॅक्शनने मोजतात आणि ती चाचणी दरात धरलेली नसते. मोठी बॅच असेल तर त्याच पोलादाचा एक नमुना तुकडा सोबत घालून मोजून घेणं परवडतं. दोन गिअरसाठी नाही.

आता कोणता भाग द्यावा. मुख्य शाफ्ट, ले-शाफ्ट, गिअर, ट्रॉलरच्या रिव्हर्स-रिडक्शन बॉक्समधले पिनियन: हो, पण नवे असतील तरच. दातावर खड्डे पडलेला गिअर गोठवून खड्डे बुजत नाहीत. जुना द्यायचाच असेल तर आधी मॅग्नेटिक चाचणीने चिरा तपासा. ती चाचणी सेवेवाले वेगळे पैसे लावून करतात. टिपरचे क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) जोडीनेच पाठवा, दोन्हींवर जोडीचा नंबर असला पाहिजे. एकटं पिनियन गोठवून जुन्या क्राउनवर बसवलं तर संपर्काचा ठसा सरकतो आणि आंबा घाट चढताना मागचा अ‍ॅक्सल ओरडायला लागतो.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉड मध्यम कार्बनच्या पोलादाचे, वरच्या तापमानाला टेम्पर केलेले. त्यात बदलण्यासारखं ऑस्टेनाइट जवळजवळ नसतंच. लायनर, ब्रेक ड्रम हे ग्रे कास्ट आयर्नचे. त्यांच्या झिजेवरचे निकाल उलटसुलट आहेत. पितळी सिंक्रो रिंग, क्लच प्लेट, ऑइल सील, नायलॉन पिंजऱ्याची बेअरिंग ही नावं यादीतून खोडा. डिझेल पंपाचं प्लंजर-बॅरल तर हातही लावू देऊ नका. त्यातली फट दोन-चार मायक्रॉनची, माप जरा हललं की जाम.

मापाचा हा मुद्दा काउंटरवर कुणी सांगत नाही. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना आकारमान वाढतं. ईएन ३१ च्या बेअरिंग रिंगेत एक टक्का ऑस्टेनाइट बदललं तर १०० मिलिमीटर व्यासाला ढोबळ हिशेबाने दहा-बारा मायक्रॉन वाढ होते. पाच टक्के बदललं तर बेअरिंगची आतली फट पार बिघडते. गिअरला वाढ पातळ थरातच होते, म्हणून निभावतं, तरी बोअर (मधलं भोक) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) पुन्हा मोजावेत. नवा शाफ्ट बनवून घेत असाल तर क्रम असा: पाणी देणं, गोठवणं, टेम्परिंग, आणि फिनिश ग्राइंडिंग सगळ्यात शेवटी.

बेअरिंगबाबत आणखी एक गोष्ट. कचऱ्याच्या तेलात चालणाऱ्या बेअरिंगला थोडं ऑस्टेनाइट उपकारकच असतं: कण रुतला तर खड्ड्याची कड दबते, लगेच चीर निघत नाही. काही बेअरिंग कंपन्या ते मुद्दाम राखतात. चिऱ्याच्या खाणीवर लाल धुळीत फिरणाऱ्या गाड्यांना म्हणूनच आम्ही बेअरिंग गोठवायचा सल्ला देत नाही.

किनाऱ्यावरचं मोठं दुखणं वेगळंच आहे. मिरकरवाडा काय किंवा हर्णै काय, ट्रॉलरचा गिअरबॉक्स मरतो तो बहुतेकदा ऑइल कूलरची नळी फुटून तेलात खारं पाणी गेल्यामुळे. तेल दुधाळ होतं, दातांवर गंज धरतो, आणि त्या गंजाच्या खड्ड्यातून दात सोलत जातो. क्रायोने पोलाद गंजायचं थांबत नाही. कूलरमधलं झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) संपलं आहे का हे पाहण्याचा खर्च क्रायोच्या खर्चापुढे काहीच नाही. तो आधी करावा, गोठवण्याचा विचार नंतर.

गंजावरून सेवेची सगळ्यात मोठी उणीव: पॅकिंग. पेटीतून भाग पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय काढला तर पावसाळी हवेत त्यावर क्षणात दव धरतं, आणि तेल लावलं नाही तर तांबूस छटा यायला एक रात्र पुरते. प्लँट घाटावर, हवा तुलनेने कोरडी, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही. गाडी कुंभार्ली उतरून खाली आली की जाणवतं. भाग वर्तमानपत्रात गुंडाळून येतात. गंजरोधक कागद आणि तेलाचा हात दोन्ही हवेत, नाहीतर स्वतःची प्लास्टिक पिशवी आणि तेलाचा डबा सोबत द्या.

वेळेचं म्हणाल तर १ जूनला मासेमारी बंदी लागली की सगळ्यांचे बॉक्स एकदम उघडतात. पेटी भरल्याशिवाय बॅच लावत नाहीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिलेला माल निवांत हातात येतो. जुलैच्या मध्यावर देणाऱ्याला थांबावं लागतं, आणि घाईत टेम्परिंगचे तास कापले जाण्याची भीती तेव्हाच जास्त असते. भाग देण्याआधी रॉकेलने धुऊन कोरडे करा, सील-बुश काढा, प्रत्येकावर पंचने नंबर ठोका (दातापासून लांब, बाजूच्या मऊ जागी) आणि बोअरची मापं वहीत लिहून ठेवा. परत आल्यावर तीच मापं पुन्हा घ्यायची आहेत.