वॉर्मशॉवर्स: विदर्भातल्या खेड्यात सायकलवाल्याला कितपत कामाचं?

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना अनोळखी घरी फुकट मुक्काम मिळवून देणारी वॉर्मशॉवर्स ही सेवा 1993 पासून चालू आहे. आज तुम्ही पाहुणे, उद्या तुमच्या दारी दुसरा सायकलवाला, एवढाच त्यातला व्यवहार. विदर्भात ती नक्की कामाची आहे, फक्त यजमानांची घरं टिंबांनी दाखवणाऱ्या तिच्या नकाशावर भरोसा ठेवून चालत नाही. यजमान बहुतेक शहरांतले. नागपूरहून वर्धा, यवतमाळ करत पांढरकवड्याकडे निघालात, तर मधल्या खेड्यांत टिंब सापडणं कठीण. म्हणून शहरातल्या यजमानाला आपल्या मुक्कामाचं विचारताना 'पुढे साठ-सत्तर किलोमीटरवर तुमचं कोणी आहे का?' हेही विचारा. कुणाची बहीण तिकडे दिलेली असते, कुणाचं वावर असतं. त्यांनी स्वतः एक फोन लावला की गावात तुम्ही 'अमक्याचे पाहुणे' होता, मग ओसरीवर खाट पडते. या सेवेतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर तो हा फोन.

पलंग आहे का, तंबूला जागा आहे का, स्वयंपाकघर वापरता येईल का, सायकलचं दुकान किती लांब, हे यजमानाच्या माहितीत लिहिलेलं असतं. खेड्यात जे खरंच अडतं ते त्यात नसतं, ते निरोपातच विचारावं लागतं. तीन-चार दिवस आधी लिहा आणि आदल्या दिवशी फोन करा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढे कापसाची वेचणी. दिवसभर घराला कुलूप असतं आणि किल्ली शेजारी. हिवाळ्यात हरभरा-गव्हाचं ओलित चालू असतं. कृषिपंपाची लाइन रात्रपाळीची असेल, तर घरचा माणूस रात्रीच मोटरीवर जातो. उत्तर आलं नाही म्हणून लगेच नकार समजू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्याची. सेवेच्या नावातच गरम पाण्याची आंघोळ आहे, त्यामुळे पाहुणा ती गृहीत धरतो. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जमिनीतलं पाणी खारं. पिण्याचं पाणी नळाला येईल त्या दिवशी ड्रमात भरून ठेवलेलं असतं, आणि त्या ड्रमावर अख्खं घर चालतं. 'कोणत्या पाण्यानं आंघोळ करू?' असं आधी विचारा, एका बादलीत भागवा, सायकल आणि कपडे धुणं पुढच्या शहरावर ठेवा. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर जातो. पहाटे पाचला निघून दहाच्या आत पोचाल असाच टप्पा धरा आणि ती वेळ यजमानाला कळवा.

दुरुस्तीचं सामान स्वतःचंच हवं. गावच्या दुकानात साध्या काळ्या सायकलच्या ट्यूब मिळतात, लांब पल्ल्याच्या सायकलींना लागणाऱ्या 700 सी मापाच्या मिळत नाहीत. अशा ट्यूबच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे हवा भरायच्या तोंडाला, तिथला पंप बसत नाही. पितळी अडॅप्टर आणि दोन ट्यूब जवळ असू द्या. बाभळीचा काटा टायरात मोडून आत राहतो आणि नवी ट्यूबही फोडतो, म्हणून टायर आतून बोटानं चाचपूनच बसवा. पावसाळ्यात कुणी पांदणीचा जवळचा रस्ता सांगितला तरी डांबरी सोडू नका. काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण गेले ते रिकाम्या नकाशापायी. माणसांचा त्यात काही दोष नाही.

बायांनी एकटीनं जाताना आधीच्या पाहुण्या बायांचे अभिप्राय वाचावेत, आणि घरातल्या काकूंशी किंवा वहिनींशी फोनवर बोलून मगच पक्कं करावं. परदेशी सोबती असेल तर तो आल्यापासून 24 तासांत यजमानाला त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (आधी 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरावा लागतो. खेड्यात हे सहसा ठाऊक नसतं. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो तयार ठेवा, शेजारी बसून भरून द्या, पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा.

जेवणाचे पैसे पुढे केले तर यजमानाला वाईट वाटतं. शहरातून फळं, लेकरांसाठी खाऊ न्या. परतल्यावर अभिप्राय लिहाच. त्यात पाणी कुठलं, फोनला रेंज कुठे येते, पंक्चरवाला किती लांब हे नेमकं लिहा. ज्यांचं नाव सेवेत नोंदलेलं नाही, त्या घराचा पत्ता आणि नंबर मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका.