मॅमोग्राममधल्या चुका कमी करायच्यात, तर आधी काय घ्यावं: दुसरा रीडर (फिल्म वाचणारा डॉक्टर), एआय, टोमो (थरांमध्ये दिसणारा थ्रीडी मॅमोग्राम) की अल्ट्रासाउंड?

बजेट एकच आहे आणि त्यात एकच गोष्ट बसतेय अशी वेळ आली की सगळे आधी मशीनची ब्रोशर उघडतात. माझं मत, आधी आपल्याकडचे सुटलेले कॅन्सर काढून बसा, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल गेला आणि पुढच्या नियमित तपासणीच्या राउंडच्या आतच बाई गाठ घेऊन परत आली अशा केसेस, आणि जुनी फिल्म पुन्हा बघा. तीन प्रकार निघतात. दिसत होतं पण नजरच गेली नाही, नजर गेली पण साधं समजून सोडलं, किंवा फिल्मवर ते आलंच नव्हतं. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे आणि चुकीचा इलाज विकत घेतला तर पैसे जातात, चुका तशाच राहतात.

फिल्मवर आलंच नाही, यात सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे पोझिशनिंग, म्हणजे फिल्म काढताना ब्रेस्ट मशीनवर नीट ठेवणं. एमएलओ (तिरक्या) व्ह्यूमध्ये छातीचा स्नायू निपलच्या लेव्हलपर्यंत खाली आलाय का, आणि निपलपासून मागपर्यंतचं अंतर सीसी (वरून खाली घेतलेला व्ह्यू) आणि एमएलओमध्ये १ सेंटीमीटरच्या आत जुळतंय का, एवढं बघायची सवय लावली तरी खूप कळतं. नसेल जुळत तर टेक्निशियनच्या ट्रेनिंगवर खर्च करा, बाकी सगळं नंतर. मागचा भाग कापलाच गेला असेल तर तिथे एआय काय शोधणार?

पोझिशनिंग ठीक आहे पण टिश्यू एकावर एक येऊन गाठ झाकली जातेय, तर मग टोमो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १३ सेंटर्सचा साडेचार लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास आला, त्यात टोमो जोडल्यावर रिकॉल (आणखी तपासणीसाठी परत बोलावणं) दर हजारी १०७ वरून ९१ वर आला आणि सापडलेले कॅन्सर ४.२ वरून ५.४ झाले. दोन्ही आकडे एकाच वेळी चांगल्या बाजूला सरकणं दुर्मिळ आहे, नाहीतर एक कमवायला दुसरं द्यावंच लागतं. पण वाचायला वेळ जवळपास दुप्पट लागतो हे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं, आणि एकटाच डॉक्टर आधीच थकलेला असेल तर टोमोने त्याचा ढीग वाढतो. कॅल्सिफिकेशनचा (कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांचा) पुंजका वेगवेगळ्या स्लाइसमध्ये विखुरला जाऊ शकतो, म्हणून टूडी किंवा सिंथेटिक टूडी (टोमोच्या स्लाइसवरून बनवलेलं सपाट चित्र) न बघता नुसत्या स्लाइस स्क्रोल करणं धोक्याचं.

खूप डेन्स (चरबी कमी, ग्रंथींचा टिश्यू जास्त) ब्रेस्ट असेल तर टोमोही कमी पडतो. इथे अल्ट्रासाउंड आणि एमआरआय यांची तुलना सरळ आहे. जपानच्या जे-स्टार्ट ट्रायलमध्ये (२०१६, वय ४० ते ४९) मॅमोग्रामसोबत अल्ट्रासाउंड केल्यावर सेन्सिटिव्हिटी (असलेले कॅन्सर पकडण्याचं प्रमाण) ७७ वरून ९१.१ टक्के झाली, पण स्पेसिफिसिटी (कॅन्सर नसलेल्यांना नॉर्मल ठरवण्याचं प्रमाण) ९१.४ वरून ८७.७ वर घसरली, म्हणजे जास्त बायका उगाच बोलावल्या गेल्या. नेदरलँड्सच्या डेन्स ट्रायलमध्ये (२०१९) अतिशय डेन्स ब्रेस्ट असलेल्या बायकांना एमआरआय ऑफर केलं, तर दोन राउंडच्या मधे उघड होणारे कॅन्सर दर हजारी ५ वरून २.५ झाले. मला विचाराल तर ताकद एमआरआयची जास्त, पण खर्च, वेळ आणि कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन बघता सगळ्यांना ते करणं अवघड, म्हणून जास्त रिस्कवाल्यांसाठी एमआरआय आणि बाकीच्यांसाठी चांगल्या हाताचा अल्ट्रासाउंड.

आता नजर न गेलेल्या चुका, आणि खरी भांडणं इथेच होतात. युरोपातल्या बऱ्याच स्क्रीनिंग प्रोग्राममध्ये प्रत्येक मॅमोग्राम दोघं वाचतात आणि मत जुळलं नाही तर तिसरा ठरवतो किंवा एकत्र बसून ठरवतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकच रीडर. डबल रीडिंग चालतं, पण दुसऱ्याने पहिल्याचा रिपोर्ट आधी बघितला तर ते रीडिंग उरत नाही, नुसती सही होते. शिवाय एकाने बोलवा म्हटलं की सरसकट बोलवायचं ठरवलंत तर रिकॉल वाढतोच.

एआयच्या बाबतीत इतिहास विसरू नका. जुन्या कॅडला (संशयास्पद जागेवर खूण करणारं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर) अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली, सगळ्यांनी बसवलं, आणि २००७ आणि २०१५ च्या मोठ्या अभ्यासांत कळलं की अचूकता काही सुधारली नाही. नवीन एआय वेगळं आहे हे खरं, स्वीडनच्या मासाई ट्रायलच्या २०२३ मधल्या आकड्यांत कॅन्सर दर हजारी ५.१ ऐवजी ६.१ सापडले आणि वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं. पण तिथे एआयने वाटणी केली आणि जास्त रिस्कच्या फिल्मवर खुणा दाखवल्या, कमी रिस्कची फिल्म एकाने वाचली, जास्त रिस्कची दोघांनी, माणूस कुठेच काढला नव्हता. सेल्सवाले नेमकं हेच वाक्य गिळतात. उलट २०२३ च्याच एका जर्मन प्रयोगात एआयने मुद्दाम चुकीची बायरॅड्स कॅटेगरी (कॅन्सरचा संशय किती हे सांगणारा रिपोर्टमधला आकडा) सुचवली तेव्हा नवख्या डॉक्टरांची अचूकता सुमारे ८० टक्क्यांवरून २० वर आली आणि खूप अनुभवी लोकांचीही ८२ वरून ४५ च्या आसपास. म्हणून एआय घ्याच, पण आपलं मत लिहून झाल्यावरच त्याचे मार्क स्क्रीनवर यावेत असं सेटिंग मागा, आणि डेमो तुमच्या स्वतःच्या सुटलेल्या आणि नॉर्मल अशा मिसळलेल्या फिल्म्सवर मागा. दोन चांगले रीडर हाताशी असतील तर मी आधी तेच निवडेन, एकच असेल तर एआय.

राहिला मधला प्रकार, दिसलं पण सोडलं. यावर विकत काही मिळत नाही आणि म्हणूनच बहुधा याकडे कोणी बघत नाही. जुनी फिल्म फक्त मागच्या वर्षीची नाही, दोन-तीन वर्षांपूर्वीची लावा, हळूहळू वाढणारी असिमेट्री (दोन बाजूंमधला फरक) शेजारच्या वर्षाशी तुलना केली की सारखीच वाटते. गोल, कडा स्वच्छ असलेली गाठ साधीच असते असं धरून चालू नका, ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर (ब्रेस्ट कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार) कधीकधी अगदी फायब्रोअॅडिनोमासारखा (साध्या गाठीसारखा) दिसतो. एक संशयास्पद जागा सापडली की शोध तिथेच थांबतो, दुसरी जागा आणि दुसरी बाजू पूर्ण बघूनच उठा. बायरॅड्स ३ हा 'बघू पुढे'चा डबा नाही, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही असं पूर्ण वर्कअपनंतर (जादा व्ह्यू, अल्ट्रासाउंड वगैरे झाल्यावर) वाटलं तरच तो द्यायचा, नुसत्या स्क्रीनिंग फिल्मवर नाही. हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राम नॉर्मल आहे तर त्या जागेचा अल्ट्रासाउंड झालाच पाहिजे, आणि तोही नॉर्मल आला पण हाताला लागणारी गाठ संशयास्पद असेल तर बायोप्सी अडवू नका. बायोप्सीचा रिपोर्ट बिनाइन (कॅन्सर नाही) आला पण तुमची इमेज बायरॅड्स ४सी किंवा ५ ची, म्हणजे जोरदार संशयाची होती, तर सुई चुकीच्या जागी गेली असू शकते. तेव्हा पॅथॉलॉजिस्टला फोन करा, पुन्हा बायोप्सी किंवा सर्जरीने ती जागा काढायचं ठरेपर्यंत फाइल बंद करू नका.