पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: अडीच वर्षांच्या वापरानंतर

हे घरच्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, आणि त्यातला ऑक्सिजन नाकाच्या नळीत जाण्याआधी ओला व्हावा म्हणून त्याला पाण्याची बाटली असते. सगळ्यात आधी त्या बाटलीच्या झाकणाबद्दल लिहिते, कारण गेल्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. आमचं मशीन सध्या सुदामा नगरातल्या एका ओळखीच्या घरी आहे. रात्री त्यांच्या सुनेचा फोन आला, "काकू, मशीन चालू आहे, गोटी दोनवर आहे, पण बाबांच्या रक्तातला ऑक्सिजन 84 च्या वर जात नाही." (गोटी म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सुटतोय ते दाखवणारी, मशीनवरच्या नळीत तरंगणारी गोळी.) मी विचारलं, आज बाटली धुतली का? धुतली होती. म्हटलं, झाकण पूर्ण काढा, आधी उलटं फिरवा, आटा जागेवर बसल्याचा टक् असा आवाज येईल, मग सुलटं आवळा. थोड्या वेळाने तिचाच फोन, 90 झाला म्हणून.

चाळीस हजारांच्या वर किमतीचं मशीन आणि त्याला दीडशे रुपयांची बाटली अशी देतात की झाकण तिरकं बसलं तरी बसल्यासारखं वाटतं. बरं, कळायला काही मार्ग नाही. गोटी बाटलीच्या आधी असते, त्यामुळे पुढे कितीही गळलं तरी ती दोनवरच तरंगते. बाटलीत बुडबुडेही येतात. हवा पाण्यातून वर येते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर जाते, नाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून बाटली धुतल्यावर दर वेळी नाकातल्या नळीची टोकं पाण्याच्या पेल्यात बुडवून बघायची. पेल्यात बुडबुडे आले तरच नळी माणसाला लावायची. हे मशीनबरोबरच्या पुस्तिकेत कुठेही नाही. आमच्याकडे हे शोधून काढलं ते ह्यांनी, आजारी माणसाने स्वतः.

हे गिरणीत फिटर होते. इंदूरच्या गिरण्या बंद पडल्यावर मोटारी, पंप, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त करून घर चालवलं. दोन्ही मुलांची शिक्षणं त्यावर झाली. सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याच्या फुप्फुसाच्या आजाराचं, निदान झालं तेव्हा फुप्फुसं बरीच गेलेली होती. 2022 च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसातून निदान पंधरा तास ऑक्सिजन हवा, त्याहून कमी घेतला तर फारसा उपयोग नाही. मशीन घरी आलं त्या दिवशी मी रडवेली झाले होते. ह्यांनी खुर्ची मशीनशेजारी ओढली आणि डोळे मिटून ऐकत बसले. मग म्हणाले, "आत दोन डबे आहेत. एक काम करतो, तेवढ्यात दुसरा मोकळा होतो."

तसंच असतं. आपल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन. कॉम्प्रेसर हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून पाठवतो, खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पलीकडे नव्वदच्या वर शुद्धतेचा ऑक्सिजन निघतो. खडे भरले की हवा दुसऱ्या डब्याकडे वळते आणि पहिला डबा फुस्स करून नायट्रोजन बाहेर टाकतो. ह्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, कानाने ओळखलं.

कंपनीच्या सेवेला मी शून्य देते, तेही ह्याच कानामुळे. 2023 च्या पावसाळ्यात हे म्हणायला लागले, "उजव्या बाजूचा फुस्स आखूड झालाय. व्हॉल्व्ह अडकतोय." मी तक्रार नोंदवली. कंपनीचा मुलगा आला, मशीनवरचा दिवा पाहिला, "हिरवा आहे, मशीन एकदम ठीक," म्हणाला आणि भेटीचे पैसे मागितले. मी दिले नाहीत. म्हटलं, मशीनमधून निघणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता मोजायचं यंत्र आण, आकडा कागदावर लिही, मग पैसे. दुसऱ्या खेपेला यंत्र आलं. आकडा निघाला 84 टक्के. हिरवा दिवा आमच्या मॉडेलमध्ये 82 च्या खाली गेल्यावरच पिवळा होतो, म्हणजे 83 वर असतानाही तो सगळं छान असल्याचं सांगत राहतो. मग व्हॉल्व्ह बदलून देऊ म्हणाले, पण खड्यांत दमट हवा गेली, ते वॉरंटीत नाही, एकोणीस हजार लागतील. तीन वर्षांची वॉरंटी, मशीन जेमतेम एक वर्षाचं! व्हॉल्व्ह त्यांचाच बिघडला, त्यातून दमट हवा आत गेली, आणि भुर्दंड आम्हाला. मी 1915 वर, ग्राहकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, आकड्याचा तो कागद जोडला. त्यानंतर खडे फुकट बदलून मिळाले. तो कागद नसता तर काही झालं नसतं, म्हणून कुणी तपासायला आलं की आकडा लिहूनच घ्या.

जाताना त्या मुलाने ह्यांना विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?" ह्यांनी त्याला शेजारी बसवलं आणि दोन्ही बाजूंचे आवाज ऐकवले, नळी नाकात असताना, मध्ये मध्ये थांबून दम घेत. मी रागावलेली होते, चहासुद्धा देणार नव्हते. ह्यांनी दोन कप सांगितले.

इथपर्यंत लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, पण डॉक्टरांनी तर बाटलीच काढायला सांगितली होती ना?" खरं आहे. दोन लिटरच्या प्रवाहाला पाण्याची बाटली बहुतेकांना लागत नाही, नाकातला ओलावा पुरतो. आम्ही थंडीत बाटली काढून नळी थेट जोडली होती आणि झाकणाचा ताप संपला होता. पण मे महिन्यात इंदूरची कोरडी हवा सुरू झाली, ह्यांच्या नाकात खपल्या धरायला लागल्या, रक्त यायला लागलं, आणि बाटली परत आली. व्हॅसलीन लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट काही चालत नाही, पाण्यावर बनलेलं जेल मिळतं ते लावा. तेव्हा झाकणाबद्दलचं माझं मत थोडं मवाळ करते. आधी डॉक्टरांना विचारा, बाटली नकोच असेल तर हा प्रश्नच नाही. हवी असेल तर कंपनीची फेकून द्या आणि दवा बाजारातून जाड आट्याची घ्या. पाणी डिस्टिल्ड घाला. आमच्या नळाच्या पाण्याने बाटलीच्या तळाला पांढरा थर धरत होता.

आवाजाची लोक फार तक्रार करतात. लांब नळी घेऊन मशीन बोळात ठेवलं, भिंतीपासून हातभर पुढे, की प्रश्न मिटतो. फक्त स्वयंपाकघराजवळ नको, फोडणीचा धूर गाळणीत बसतो. मागची गाळणी दर रविवारी धुवायची, पूर्ण वाळवूनच लावायची. ह्यांची वही होती, त्यात गाळणी धुतल्याची तारीख, सकाळ-संध्याकाळचा ऑक्सिजन, लाइट गेली असेल तर किती वेळ, सगळं पेन्सिलीने. वीज दिवसाला आठ युनिटांच्या आसपास जाते, ती धरूनच हिशोब करा.

नळी ओटीपर्यंत पोचायची, त्यामुळे ह्यांचं दुरुस्तीचं काम बंद पडलं नाही. सोल्डरिंग मात्र पहिल्या दिवशी स्वतःहून सोडलं. ऑक्सिजनजवळ ठिणगी नको, विस्तव नको. शेजारचा मुलगा अंगणाच्या फाटकाजवळ बसून डाग लावायचा आणि हे ओटीवरून सांगायचे, "आधी तार तापव, मग कथील दे. कथील तापवू नकोस." तो मुलगा आता दुकानात कामाला लागलाय. देवघर मी आतल्या खोलीत हलवलं. गणपतीत आरतीला हे दाराशी उभे राहून टाळ्या वाजवायचे, निरांजन त्यांच्याकडे न्यायचं नाही असा त्यांचाच नियम होता.

गोटी कुणी वाढवू नये ह्यावर मी कडक होते. वन्सं आल्या की त्यांना वाटायचं, दादाला धाप लागलीय आणि ही दोनवर ठेवून बसलीय, पाच का नाही करत? सीओपीडीत ऑक्सिजन जास्त झाला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. आम्हाला 88 ते 92 ठेवायला सांगितलं होतं. वन्संचं प्रेम खरंच होतं, पण बटणाला हात लावू दिला नाही.

ह्या मशीनचा मोठा दोष म्हणजे ते घरात बांधून ठेवतं. लाइट गेली की बोंबलतं, बरोबर नेता येत नाही. म्हणून बी टाइप सिलिंडर हवाच. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो, दोनच्या प्रवाहाला बारा तास. 2024 च्या अनंत चतुर्दशीला आम्ही तो सिलिंडर गाडीत घातला आणि ह्यांना जेल रोडवरच्या नातेवाइकांच्या गच्चीत नेलं, झांक्या बघायला. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे विसर्जनाच्या रात्री गिरण्यांच्या हलत्या देखाव्यांची मिरवणूक निघते. शंभर वर्षांची प्रथा आहे, गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी ती सोडली नाही. ह्यांनी कित्येक वर्षं त्या देखाव्यांची चाकं, दांडे, मोटारी जुळवल्या होत्या. मी गच्चीत घड्याळाकडे बघत होते. ह्यांना हिशोब पाठ होता, "अजून सात तास आहेत, बस." एका झांकीत हनुमानाचा हात वर जाताना अडकला तर हे कठड्यावर वाकून ओरडले, "पट्टा सैल आहे, पट्टा!" खाली कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पहाटेपर्यंत बसले. घरी आल्यावर ऑक्सिजन मोजला तर 91. इतका चांगला आकडा त्या महिन्यात आला नव्हता.

जानेवारीत हे गेले. शेवटच्या दिवसांत पाच लिटरही पुरेनासे झाले आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तो मशीनचा दोष धरत नाही, घरच्या मशीनची मर्यादा तेवढीच असते, आणि खरेदी करताना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. त्याआधीची अडीच वर्षं ह्यांनी आपल्या घरात, आपल्या ओटीवर, आपल्या ताटात जेवून काढली. ती ह्या मशीनमुळे मिळाली, आणि मी त्याला पाचपैकी चार देते.

भाडं की खरेदी, ह्यावर माझं मत: तीन-चार महिन्यांची गरज असेल तर भाड्याने, लांबचा आजार असेल तर विकत. आमचे पैसे वर्षभरात वसूल झाले. बंद पडून राहिलं तर मात्र खडे ओलावा धरतात, म्हणून मुलाने विकायचं काढलं तेव्हा मी नको म्हटलं. गरज असलेल्याकडे फिरतं ठेवलंय. भाडं घेत नाही. सिलिंडर ज्याने त्याने आणायचा, गाळणी धुवायची, आणि मशीनबरोबर ह्यांची वही जाते, तिच्यात पुढची पानं त्यांनी भरायची. सुदामा नगरवाल्यांचं काम झालं की लोकमान्य नगरातल्या एका आजींचा नंबर आहे.