इलिप्सॉइड की जिऑइड? पृथ्वीचा खरा आकार कुठला

सपाट की गोल हा वाद सोडा, तो कधीच मिटलाय. खरी गंमत पुढे आहे.

इलिप्सॉइड म्हणजे ध्रुवांवर जरा चपटा गोळा, एकदम गणिती. विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८ किमी, ध्रुवावर ६३५७, फरक जेमतेम २१ किमी, फोटोत कळणारही नाही. दोन आकडे दिले की काम झालं, म्हणून जीपीएस हाच वापरतं.

जिऑइड मात्र वेगळंच प्रकरण. वारा, भरती-ओहोटी, प्रवाह काही नसतं तर निव्वळ गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीच्या फिरण्याने समुद्र जसा स्थिरावला असता तो पृष्ठभाग, आणि तोच जमिनीखालूनही पुढे नेलेला. पोटात कुठे जड माल कुठे हलका, त्यामुळे हा वरखाली होतो, न्यू गिनीकडे इलिप्सॉइडच्या जवळपास ८० मीटर वर आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला १०० मीटरहून जास्त खाली, म्हणजे जिऑइडमधला जगातला सगळ्यात खोल खड्डा आपल्याच हिंदी महासागरात! (नेटवर फिरणारं ते बटाट्यासारख्या पृथ्वीचं चित्र याचंच, पण त्यात फरक हजारो पटींनी फुगवलेत.)

म्हणूनच मुंबईत चौपाटीवर जीपीएसची कच्ची, म्हणजे इलिप्सॉइडपासून मोजलेली, उंची उणे साठेक मीटर येते, घाबरू नका, बरेच फोन दुरुस्ती करूनच दाखवतात.

लोकेशनपुरतं इलिप्सॉइड बेस्ट. पण कालवा खणायचा असेल तर जिऑइडच, पाणी काय सूत्र बघून वाहत नाही. माझं मत जिऑइडलाच, फक्त तो मोजायला ग्रेस, गोसे असले उपग्रह सोडावे लागतात.