पॉलिकार्पा की डिडेम्नम? चार डाइव्हमध्ये कुणाचे फोटो काढाल

चारच डाइव्ह आणि हातात छोटा कॅमेरा, एवढ्या तयारीवर इंडोनेशियाला निघालेल्या भाचीने परवा विचारलं, "मावशी, सी स्क्वर्टचे फोटो काढायचेत, पण नेमकं कुणामागे लागू?" सी स्क्वर्ट म्हणजे एका जागी चिकटून राहणारे, पाणी गाळून पोट भरणारे पिशवीसारखे समुद्री प्राणी. तिथल्या प्रवाळांवर ते रंगारंगाचे असतात. वेळ कमी असेल तर निवड दोघांतच करावी: पॉलिकार्पा ऑराटा किंवा डिडेम्नम मोल.

पॉलिकार्पा एकांडा. उंची 5 ते 15 सेंटिमीटर. पांढुरक्या, चामड्यासारख्या अंगावर शाई गळणाऱ्या पेनाने ओढाव्यात तशा जांभळ्या रेघोट्या, आणि दोन्ही नळ्यांचा आतला भाग हळदीसारखा पिवळा. इंग्रजीत त्याला बैलाचं काळीज म्हणतात. समोर आला की ते नाव पटतं. वरच्या नळीतून पाणी आत घ्यायचं, अन्नकण गाळायचे, बाजूच्या नळीतून पाणी सोडायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. जागचा हलत नाही, त्यामुळे नवशिक्यालाही फोटो मिळतो. खोड एकच: अंगावर सावली पडली किंवा फिनचा झोत बसला की नळ्या आवळून घेतो, आणि फोटोत सुरकुतलेला बटाटा येतो. बाजूने, हळू जावं. टॉर्च हवाच, नाहीतर 15 मीटरवर जांभळ्या-पिवळ्याची सगळी मजा निळसर पाण्यात विरते.

डिडेम्नम पहिल्या नजरेत मार खातो. इवलासा पांढरा रांजण, त्यावर बारीक भोकं, वर एक मोठं तोंड. पण हे तोंड नव्हेच! ती सगळ्यांची मिळून एक मोरी. रांजण म्हणजे एक प्राणी नसून अख्खी चाळ आहे: बाहेरचं प्रत्येक बारीक भोक एकेका बिऱ्हाडाचं तोंड, आणि वापरलेलं पाणी वरच्या सामाईक वाटेने बाहेर. आत डोकावलं तर भिंती हिरव्यागार दिसतात. तो रंग प्रोक्लोरॉन नावाच्या जिवाणूंचा. ते उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला वाटा चाळीला मिळतो. अळ्या घर सोडतात तेव्हा ही हिरवी शिदोरी अंगाला चिकटवूनच निघतात. (या अळ्या बेडकाच्या पिल्लासारख्या दिसतात आणि त्यांच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्याच्या जागी असणारा लवचीक दांडा, असतो. म्हणजे नातं आपल्याशी, प्रवाळांशी नव्हे.)

फोटो मात्र घाम काढतो. अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सशिवाय भोकं उमटत नाहीत. फ्लॅश जरा जास्त झाला की पांढरा रांजण चुन्याच्या ढेकळासारखा फटफटीत येतो. फ्लॅश कमी करून, वरून तिरकं, मोरीच्या आत फोकस धरावा. तेवढा वेळ प्रवाळाला हात न टेकता तरंगता यायला हवं. उजेडासाठी तो उथळ पाण्यातही भरपूर असतो, त्यामुळे तिथे टाकीतली हवा जास्त वेळ पुरते, ही जमेची बाजू.

मला विचाराल तर डिडेम्नमच. पण भाचीला मी पॉलिकार्पा सांगितला, कारण तिचं तरंगणं अजून डुगडुगतं आणि मॅक्रो लेन्स तिच्याकडे नाही. शिवाय सी स्क्वर्ट खाणारी नेम्ब्रोथा ही समुद्री गोगलगाय, काळ्या अंगावर पोपटी पट्टे असलेली, आसपास दिसली तर पॉलिकार्पाला सोडून तिच्याकडे वळ, असंही बजावलंय.