वर्गनिरीक्षण: संकेतसूची की मुक्त टिपणे?

प्रबंधाचा आराखडा लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीला वर्गनिरीक्षणासाठी ठरीव संकेतसूची (वर्गातील वर्तनाच्या आधीच ठरवलेल्या प्रवर्गांची यादी) वापरावी की मुक्त टिपणे घ्यावीत, हे ठरवता येत नव्हते.

पूर्वतयारीचा भार संकेतसूचीत अधिक असतो. फ्लँडर्स पद्धतीत, म्हणजे वर्गातील बोलणे नोंदवण्याच्या एका प्रसिद्ध संकेतसूचीत, शिक्षकाच्या बोलण्याचे 7, विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे 2 आणि शांतता वा गोंधळाचा 1 असे 10 प्रवर्ग निरीक्षकाला पाठ असावे लागतात, आणि दर 3 सेकंदांनी नोंद करायची असल्याने 40 मिनिटांच्या तासात सुमारे 800 नोंदी होतात. मुक्त टिपणांची सुरुवात सोपी असते. पण ती त्याच दिवशी विस्ताराने लिहून काढली नाहीत तर आठवण दगा देते, आणि खरे कष्ट पुढे विश्लेषणात पडतात.

विश्वासार्हतेत संकेतसूची सरस आहे, कारण दोन निरीक्षकांच्या नोंदींतील मेळ कोहेनच्या कप्पा गुणांकाने (योगायोगाने होणारा मेळ वगळून खरा मेळ दाखवणाऱ्या संख्येने) तपासता येतो. मात्र शिक्षक बोलत असताना मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाची तीत नोंदच होत नाही, आणि पुष्कळदा संशोधनाचा प्रश्न नेमका त्या मुलाविषयीच असतो.

निरीक्षकाच्या उपस्थितीने वर्ग बदलतो, ही अडचण दोन्हींत सारखीच आहे.

अनेक वर्गांची तुलना करायची असल्यास संकेतसूची निवडावी. मोजक्या वर्गांतील व्यवहारांचा अर्थ लावायचा असल्यास टिपणे घ्यावीत. एकाच निरीक्षकाने एकाच तासात दोन्ही करू नयेत.