मारियनप्लाट्झवर केलेली एक सही

म्युनिकला लेकाकडे गेलात तर मारियनप्लाट्झला जालच. नव्या टाउन हॉलच्या मनोऱ्यातलं घड्याळ बघायला रोज अकराला आणि बाराला चौक भरतो, मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी पाचलासुद्धा. ४३ घंटा वाजतात, ३२ बाहुल्या फिरतात. वरच्या मजल्यावर १५६८ मधलं राजघराण्यातलं लग्न, त्यात घोडेस्वारांची झुंज (बव्हेरियाचाच स्वार रोज जिंकतो!) आणि खाली पिंपं बनवणाऱ्यांचा नाच. दहा-बारा मिनिटं सगळ्यांच्या माना वर. चोरांना आणखी काय हवं?

आता माझं ऐका. मी दादरच्या गर्दीत तीस वर्षं काढलेली बाई. पर्स पुढे घेतलेली, चेनवर हात. चौकातल्या मारियाच्या (येशूच्या आईच्या) पुतळ्याच्या खांबाजवळ उभी होते. लेक व्हिडिओ काढत होता. तेवढ्यात दोन मुली आल्या, वय असेल अठरा-एकोणीस. एकीने कानाकडे बोट दाखवलं, मग ओठांकडे, आणि पॅड पुढे केलं. मूकबधिर मुलांसाठी सह्यांची मोहीम, वर गोल शिक्का. मी सही केली. भारत लिहिलं. मग तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं: रक्कम. वरच्या सगळ्या ओळींत वीस, तीस, वीस. सगळे आकडे एकाच वळणाचे, हे मला दिसलं होतं हो! पण सही करून झाल्यावर नाही कसं म्हणायचं? पाकीट काढून दहाची नोट दिली. तिने आनंदाने मला मिठीच मारली. दुसरीने पॅड माझ्या पर्सवर आडवं धरलेलं, ते मला पुढची ओळ दाखवायला वाटलं.

शेवटी मनोऱ्यावरचा सोनेरी कोंबडा आरवतो. लोक हसले, पांगले. कॉफी घ्यायला पाकीट शोधते तर नाही. एकशेऐंशी युरो आणि फॉरेक्स कार्ड. तिकडे पन्नास युरोपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, पिन बहुधा विचारतच नाहीत. लेकाने ॲपवरून कार्ड बंद करेपर्यंत दोनदा टेकवून झालं होतं. पासपोर्ट घरी ठेवला होता म्हणून वाचले.

पोलिसांत तक्रार दिली, विम्याला तो कागद लागतो. पैसे काही मिळाले नाहीत. तुम्ही जाल तेव्हा पॅड दिसलं की हात खिशात घाला आणि चालू लागा, उद्धट वाटलं तरी चालेल. आणि कार्डावरची टेकवायची मर्यादा निघण्यापूर्वीच ॲपमधून शून्य करून ठेवा. मला हे नंतर कळलं.

लेकाचा व्हिडिओ अजून आहे. कोंबडा आरवण्याच्या जरा आधी त्याने कॅमेरा खाली आणलाय. त्यात मी त्या मुलीच्या पाठीवरून मायेने हात फिरवताना दिसते.